झब्बू कसा खेळायचा (आणि शेवटी गाढव कसं व्हायचं नाही)

गेल्या महिन्यात ऑफिसमधल्या पोरांबरोबर एका रात्रीसाठी बाहेर गेलो होतो, तिथे नेटवर्क नाही, पाऊस धो धो, आणि कोणीतरी बॅगेतून पत्त्यांचा कॅट काढला. मी सहज म्हटलं चला झब्बू खेळू, तर आठातल्या पाच जणांनी नावच ऐकलं नव्हतं. रमी येते, तीन पत्ती येते, मोबाइलवर काय काय येतं, पण झब्बू नाही. मग मी समजावायला बसले आणि लक्षात आलं की नियम सांगायला खरंच पाच मिनिटं पुरतात, पण ते पाच मिनिटांचं सांगून झाल्यावर लोक जे खेळतात त्याला झब्बू म्हणायची लाज वाटते. म्हणून हे जरा ऐसपैस लिहितेय.

सगळ्यात आधी डोक्यातून एक गोष्ट काढून टाका. मेंढीकोट किंवा पाच-तीन-दोन खेळलेल्या माणसाला मोठं पान दिसलं की आनंद होतो, हात करायची, म्हणजे फेरीत पडलेली पानं जिंकून घ्यायची सवय असते. इथे हात करून काही मिळत नाही. हुकूम नाही, भागीदार नाही, गुण नाहीत. हातातली पानं संपवायची आणि सुटायचं, बस. ज्याच्या हातात शेवटी पानं उरतात तो गाढव, आणि पुढचा डाव गाढवाने पिसायचा आणि वाटायचा. जिंकणारा असा कोणी नसतोच, फक्त एक हरणारा असतो. पंजाबात अगदी अशाच खेळाला भाभी म्हणतात, तिथे शेवटी उरतो तो भाभी होतो, मग भले तो सहा फुटी मिशीवाला का असेना.

आता नियम. बावन्नच्या बावन्न पानं वाटायची, जोकर बाजूला. चौघं असाल तर प्रत्येकी तेरा, पाच जण असाल तर दोघांना अकरा आणि तिघांना दहा येतात, त्यावरून भांडत बसू नका, एक पान जास्त आलं म्हणून कोणी मरत नाही. एक्का सगळ्यात मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी करत दुर्रीपर्यंत. ज्याच्याकडे इस्पिकचा एक्का असेल त्याने तो टाकून सुरुवात करायची. पुढच्या प्रत्येकाने त्याच रंगाचं पान टाकायचं (रंग म्हणजे लाल-काळा नाही, इस्पिक, बदाम, किलवर, चौकट), असेल तर टाकायलाच हवं, त्यात सूट नाही. सगळ्यांनी त्याच रंगाचं पान टाकलं तर तो हात मेला, पानं उलटी करून बाजूच्या गठ्ठ्यात, ती परत खेळात येणार नाहीत आणि तो गठ्ठा उघडून बघायचा नाही. ज्याचं पान सगळ्यात मोठं त्याची पुढची उतारी, म्हणजे आता कुठला रंग चालवायचा ते तो ठरवणार.

आणि एखाद्याकडे तो रंगच नसला तर? तेव्हा त्याने दुसऱ्या रंगाचं हवं ते पान टाकायचं. हाच झब्बू. झब्बू पडला की हात तिथेच थांबला, पुढच्यांनी टाकायचं नाही, आणि तोपर्यंत उतारीच्या रंगात ज्याचं पान सगळ्यात मोठं असेल त्याने खाली पडलेली सगळी पानं, झब्बूच्या पानासकट, उचलून हातात घ्यायची. पुढची उतारी पण त्याचीच.

एक हात दाखवते म्हणजे कळेल. आत्याची उतारी, तिने किलवरची छक्की टाकली. दादाने किलवर दश्शी टाकली. मी किलवर राणी टाकली, कारण मला ती काढून टाकायची होती आणि मला वाटलं निघून जाईल. वहिनीकडे किलवर नाही, तिने अगदी हळुवार हाताने बदामचा एक्का ठेवला. आता एक्का मोठा असला तरी तो बदामचा, त्याचा इथे काही संबंध नाही, किलवरमध्ये सगळ्यात मोठं पान माझी राणी, म्हणजे छक्की, दश्शी, राणी आणि वर तो एक्का, चारही पानं माझ्या गळ्यात. एक पान टाकायला गेले आणि चार घेऊन आले. झब्बूचा सगळा खेळ या एका क्षणात आहे, बाकी सगळं हे टाळण्याची किंवा दुसऱ्यावर आणण्याची खटपट.

पहिल्या हाताला बहुतेक घरांत सूट असते. म्हणजे इस्पिकच्या एक्क्यावर कोणाकडे इस्पिक नसलं तर त्याने कुठलंही पान टाकायचं, पण कोणी काही उचलायचं नाही, सगळं गठ्ठ्यात जातं आणि एक्केवाला परत उतारी करतो. ही सूट बरी आहे, नाहीतर एक्का ज्याला आला तो बिचारा सुरुवातीलाच फुकट मरतो. अशा दोन-तीन गोष्टी खेळायच्या आधीच बोलून घ्या, कारण प्रत्येकाच्या घरचा झब्बू वेगळा असतो आणि प्रत्येकाला आपल्याच घरचा खरा वाटतो. काहींच्यात झब्बू पडल्यावरही हात पूर्ण फिरवतात, म्हणजे उरलेलेही आपापलं पान टाकतात, त्याने ओझं वाढतं. मला स्वतःला लगेच थांबवलेलं आवडतं, खेळ भरभर होतो. शेवटचं पान टाकलं आणि तेच सगळ्यात मोठं निघालं तर उतारी कोणाची, हेही ठरवा. आमच्याकडे तो सुटला आणि त्याच्या पुढच्या भिडूची उतारी. पण इथे एक खोच आहे, शेवटचं पान टाकल्याटाकल्या "सुटलो!" म्हणून उठून चहा करायला जाऊ नका. हात पूर्ण फिरायचाय. तुमच्यानंतर कोणी झब्बू टाकला आणि तुमचं पान मोठं असलं तर गॅस बंद करून परत येऊन बसावं लागतं. आमच्या एका काकांच्या बाबतीत हे इतक्या वेळा झालंय की आता ते सुटल्यावरही पाच मिनिटं तोंडातून शब्द काढत नाहीत.

पान असून नाही म्हणणं ही चोरी, मुद्दाम असो वा चुकून. चुकून फार होतं, विशेषतः बदाम आणि चौकट शेजारी लावले की दोन्ही लालच, आणि बदामच्या घोळक्यात चौकटची एक तिर्री लपून बसते. म्हणून पानं लावताना काळा-लाल-काळा-लाल असे रंग लावा. पकडली गेली तर शिक्षा म्हणून तेव्हा जे उचलावं लागलं होतं ते सगळं चोराच्या हातात, असं आमच्याकडे आहे, आणि लहान मुलं असतील तर एकदा माफ.

इथपर्यंत पाच मिनिटं. आता खरं.

नवीन माणूस काय करतो, तर मोठी पानं जपून ठेवतो. "एक्का आहे, वेळेला कामी येईल." तो कशाच्याच कामी येत नाही, उलट तोच बुडवतो. झब्बूत मोठं पान काढायची वेळ म्हणजे सुरुवात, जेव्हा सगळ्यांकडे सगळे रंग असतात. हे का, ते जरा आकड्यांत सांगते. एका रंगात पानं तेरा. चौघं खेळताय, एक हात पूर्ण फिरला की चार गेली. दुसरा फिरला की आठ. आता उरली पाच आणि खेळणारे चार, म्हणजे तिसऱ्या हाताला प्रत्येकाकडे तो रंग असणं जवळपास अवघडच, कोणीतरी संपलेला असतोच. तेव्हा चौघांत पहिला हात जवळजवळ बिनधास्त, दुसरा जपून, आणि तिसऱ्याला मोठं पान टाकलंत तर तुम्ही मागून घेतलंत. मी एकदा कागदावर मांडून बघितलं होतं, चौघांचा डाव, माझ्याकडे एका रंगाची तीन पानं आहेत आणि तो रंग अजून एकदाही चालला नाही, तर बाकी तिघांपैकी कोणाकडेतरी तो रंग मुळातच नसण्याची शक्यता फक्त अडीच टक्के येते. चाळीस वेळा एक्का टाकला तर एकदा फसेल. त्यामुळे नवीन रंगातला एक्का-राजा पहिल्याच उतारीला खुशाल काढा.

पण हेच सहा जण असले की सगळं बदलतं, आणि हे पुष्कळ जुन्या खेळाडूंच्याही लक्षात येत नाही. हातात पानंच आठ-नऊ. तसाच हिशेब केला तर कोणीतरी मोकळा, म्हणजे त्या रंगाचं एकही पान नसलेला, असण्याची शक्यता छत्तीस-सदतीस टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे तीनदा टाकलं तर एकदा झब्बू पहिल्याच हातात. आणि दुसरा हात सुखरूप फिरायचा असेल तर तेरातली बारा पानं पडायला हवीत, असं कुठे होतं का. सात जणांत तर ते शक्यच नाही, चौदा पानं आणायची कुठून. म्हणून सात किंवा जास्त असाल तर सरळ दोन कॅट एकत्र करा, एकशे चार पानं, आठ जणांना बरोब्बर तेरा तेरा. मग सारखी दोन पानं पडली तर मोठं कोणाचं ते आधी ठरवा, आमच्याकडे नंतर टाकलेलं मोठं. त्या पावसाळी रात्री आठ जणांत आम्ही एकाच कॅटवर खेळलो, प्रत्येकी सहा-सात पानं, आणि जवळपास प्रत्येक हाताला झब्बू. हसायला मजा येते पण डोकं चालवायला जागाच राहत नाही.

मोजायचं ते फक्त गठ्ठ्यात गेलेलं. झब्बू पडून कोणी उचललं तर ती पानं मेली नाहीत, जागा बदलली एवढंच. पण तो उचलणारा काय घेऊन गेला ते तुम्ही उघड्या डोळ्यांनी बघितलेलं असतं, आणि हे लक्षात ठेवणं सगळ्या मोजदादीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा, कोण कुठल्या रंगात मोकळा आहे आणि कोणाच्या हातात कुठलं मोठं पान जाऊन बसलंय. बावन्न पानं लक्षात ठेवणारी माणसं असतात, पण घरगुती झब्बूत त्यांची गरज नाही.

मग बसण्याची जागा. तुम्हाला वाटेल दुर्रीवर कोण मरतो? मरतो. तुमची उतारी, तुम्ही अगदी शहाण्यासारखी किलवरची दुर्री टाकली, पण लगेच पुढचा भिडू किलवरमध्ये मोकळा आहे. त्याने झब्बू टाकला, खाली किलवरचं पान एकच, तुमची दुर्री, तेच सगळ्यात मोठं. उचला. म्हणजे तुमच्या लगेच पुढे बसलेला माणूस कुठल्या रंगात मोकळा आहे हे एवढं एक कळलं तरी निम्मे झब्बू वाचतात, त्या रंगाची उतारी करायचीच नाही. याच्या उलट, हातात सगळ्यात शेवटी तुमची पाळी असेल, आधीच्या सगळ्यांनी रंग दिला असेल, तर तुमच्यानंतर झब्बू टाकायला कोणी उरलेलंच नाही. तेव्हा त्या रंगातलं सगळ्यात मोठं पान डोळे मिटून काढून टाका. अशी संधी येते आणि नवीन लोक तिथे तिर्री टाकतात, मला अक्षरशः हात धरावासा वाटतो. हां, मोठं पान टाकलं की उतारी तुमच्याकडे येणार, तेव्हा पुढे चालवायला एखादं लहान पान, जे टाकून उतारी दुसऱ्याच्या गळ्यात घालता येईल, ते हाताशी आहे ना बघा. दुर्री-तिर्री ही झब्बूतली खरी श्रीमंती आहे.

झब्बू द्यायची वेळ आली की काय टाकायचं? सगळे म्हणतात सगळ्यात मोठं पान टाका. अर्धवट बरोबर. समजा चौघांच्या डावात तुमच्याकडे चौकटचा एक्का आहे आणि चौकट अजून चाललीच नाही, शिवाय इस्पिकची नव्वी आहे आणि इस्पिक दोनदा फिरून गेलंय. मी नव्वी टाकेन. एक्का पहिल्या चौकटीला आरामात निघून जाईल, पण दोनदा फिरलेल्या रंगात उरलेल्या पाचांत ती नव्वीच राजासारखी असू शकते आणि तिच्यावर झब्बू पडणार हे जवळपास नक्की. पान किती मोठं यापेक्षा त्याचा रंग किती जुना झालाय ते बघा. आणि नव्वी गेल्यावर तुम्ही इस्पिकमधून मोकळे होत असाल तर सोन्याहून पिवळं, आता इस्पिक चाललं की तुम्ही पुन्हा झब्बू द्यायला तयार.

ज्याला एकदा मोठा झब्बू बसतो त्याचं पुढे काय होतं बघण्यासारखं असतं. हातात पानं वाढली म्हणजे रंगही सगळे आले, म्हणजे तो कशातच मोकळा नाही, म्हणजे त्याला झब्बू देता येत नाही, नुसते घेता येतात. वर उतारीही त्याचीच. यातून बाहेर यायचा मार्ग म्हणजे ज्या रंगावर मार बसला तो लगेच परत चालवू नये, कारण त्यात कोण मोकळा आहे ते सगळ्यांनी पाहिलंय, दुसऱ्या एखाद्या कमी चाललेल्या रंगातलं लहान पान टाकून उतारी सोडवून घ्यावी आणि जरा वेळ गप्प रंग देत राहावं. पण माणूस चिडलेला असतो, तो राजा आपटतो, आणि झब्बूवर झब्बू.

नेटवर मराठी लोक एकाच्या फोटोखाली आपला फोटो टाकून "हा घ्या माझा झब्बू" म्हणतात ना, ते इथूनच आलंय, पण तिथे झब्बू घेणाऱ्याला आनंद होतो, इथे तसं काही नाही.

आता शेवट, दोघं उरल्यावर. इथे नशीब फार कमी उरतं आणि लोक इथेच ढिले पडतात. समोरच्याकडे एकच पान आहे आणि उतारी तुमची, तर तुम्ही हरलात. काहीही टाका, त्याच्याकडे रंग असेल तर तो रंग देऊन सुटेल, नसेल तर झब्बू देऊन सुटेल. पण त्याच्याकडे एकच पान आहे आणि उतारी त्याची, तर गोष्ट वेगळी, तेव्हा तुमच्याकडे तो रंग नसला की तो अडकला. थोडक्यात शेवटचं पान हातात असताना उतारी आपल्याकडे नको, आणि उतारी येते मोठ्या पानामुळे.

हे मला कळलं कोकण रेल्वेत. मुंबईहून गावी चाललो होतो, मधल्या सीटवर सुटकेस आडवी ठेवून वर टॉवेल अंथरलेला, दादा सुटला, वहिनी सुटली, उरलो मी आणि आत्या. आत्या म्हणजे आमच्या घरातली झब्बूची महाराणी, ती गाढव झालेली मी तोपर्यंत बघितली नव्हती. तिच्याकडे दोन पानं, माझ्याकडे चार, उतारी माझी. माझी पानं अशी होती: इस्पिकची तिर्री आणि चव्वी, बदामची छक्की, किलवरचा राजा. वरवर बघता माझं काही खरं नव्हतं. पण मला आठवत होतं की मगाशी वहिनीने सुटता सुटता आत्याला इस्पिकच्या राजाचा झब्बू दिला होता आणि तो राजा त्यानंतर खाली आलेला नाही. म्हणजे तिच्या दोनातला एक तो.

रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, गाडी आत शिरली की खिडकीतून असा आवाज येतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. तिथे मी इस्पिकची तिर्री टाकली. आत्याला राजा टाकायलाच लागला, दुसरं इस्पिक नाही. हात तिचा, तिर्री आणि राजा गठ्ठ्यात, उतारी तिची आणि हातात एकच पान. तिने माझ्याकडे बघितलं आणि चौकटची पंजी ठेवली. माझ्याकडे चौकट नाही. मी किलवरचा राजा दिला. आता तिच्याकडे पंजी आणि राजा, माझ्याकडे दोन, उतारी परत तिचीच. तिने राजा टाकला, किलवर माझ्याकडे कुठून असणार, तो तर मीच दिलेला, मी बदामची छक्की दिली. तिच्याकडे तीन, माझ्याकडे इस्पिकची एक चव्वी. आता ती काहीही टाकू दे. तिने पंजी टाकली, मी चव्वी ठेवली आणि हात झटकले.

तिच्या हातात त्या राजाऐवजी इस्पिकची दुर्री असती ना, तर माझ्या तिर्रीखाली ती गेली असती, उतारी माझ्याकडे राहिली असती आणि पुढच्या हाताला पंजी टाकून आत्या सुटली असती. एवढासा फरक.

गाडी बोगद्यातून बाहेर आली तेव्हा आत्या पानं गोळा करत म्हणाली, हा डाव धरायचा नाही, आवाजात मला काही ऐकूच येत नव्हतं. दादा म्हणाला, अगं पण पत्ते बघायचे असतात, ऐकायचे नसतात. तिने कॅट उचलला, दोनदा जोरात पिसला आणि त्याला आधी वाटायला सुरुवात केली.